‘घ्या, रंगवा, विका’ म्हणे! आधी स्टॅम्प ड्युटी कोण भरणार ते सांगा

जुना चिंचवडकर
काल ‘पहिलापगार’ यांनी लिहिलं की नवख्यानं भाड्याच्या भानगडीत पडूच नये. रीसेलचा टू बीएचके घ्यायचा, रंग आणि मॉड्युलर किचन करून आठ महिन्यांत विकायचा, दहा लाख खिशात. भाडं म्हणजे ‘म्हाताऱ्यांची पेन्शन’. खाली लोकांनी टाळ्याही वाजवल्या. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं म्हणून वेगळा धागा. वय बासष्ट, त्यामुळे पेन्शनचं जरा लागलं हे कबूल.

वाकडला ६० लाखांचा फ्लॅट धरू. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी ३० हजार. दलालाचा एक टक्का, ६० हजार. किचन, रंग, बाथरूमच्या टाइल्स ५ लाख (तुमचाच आकडा). ४८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढलंत तर आठ महिन्यांचं नुसतं व्याज पावणेतीन लाखांच्या आसपास. झाले ७३ लाख. मेंटेनन्स, सोसायटीची ट्रान्सफर फी आणि विकतानाची दलाली अजून धरलेलीच नाही. खालच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट ६१ला मिळत असताना तुमचं किचन बघून ८३ कोण देणार?

आणि समजा दिले कोणी, तर २४ महिन्यांच्या आत विकलं म्हणून नफा तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. दोन वर्षं थांबलात तर साडेबारा टक्के. पण तोवर घराला कुलूप लावून ठेवणार का? भाड्यानेच देणार ना!

पहिलापगार
काका, अभ्यास कमी पडतोय. पहिल्या खरेदीत भरलेली ड्युटी तीन वर्षांत विकलं तर वळती होते. माझ्या एजंटनं लेखी दिलंय.

जुना चिंचवडकर
एजंटनं अर्धंच दिलंय. ती सवलत बिल्डरकडून थेट घेतलेल्या फ्लॅटला. करारात तुमचा गुंतवणूकदार म्हणून उल्लेख लागतो आणि वजावट होते ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या ड्युटीतून. मुदत आधी एक वर्ष होती, २०२२च्या अर्थसंकल्पात तीन केली. रीसेलला तिचा काडीचा उपयोग नाही. एजंटचं लेखी जपून ठेवा, पुढे दाखवायला बरं.

कडीकोयंडा
चिंचवडकर, बेरीज बरोबर, पण तुम्ही बाजारभावाने घेताय. मी तसं घेतच नाही. नाशिकला इंटिरियरची कामं करतो. २०२१ला इंदिरानगरचा एक फ्लॅट बँकेच्या लिलावात ३१ला उचलला, शेजारी ४०चा भाव होता. सुतार माझा, प्लंबर माझा, टाइल्स दुसऱ्या साइटवरच्या उरलेल्या. पाच महिन्यांत विकला, सगळं जाऊन चार लाख सुटले. तेवढं भाडं जमायला नाशकात साडेतीन वर्षं लागतात. तेव्हा ‘जमतच नाही’ म्हणू नका.

जुना चिंचवडकर
सुतार तुमचा, प्लंबर तुमचा, टाइल्स फुकट. याला धंदा म्हणतात. प्रश्न नवख्याचा होता. आणि लिलावात २५ टक्के जागेवर आणि उरलेले १५ दिवसांत भरावे लागतात, ते पहिल्या पगारवाल्यानं कुठून आणायचे? दुसऱ्या लिलावाचंही लिहा की. दुसरा घेतलाच असणार.

कडीकोयंडा
घेतला. वास आला वाटतं तुम्हाला. ताबा कागदावरचा होता, जुना मालक बायकापोरांसकट आत. ‘जसे आहे जिथे आहे’ यात तो पण आला. वर सोसायटीची थकबाकी. चौदा महिने गेले. ठीक आहे, नवख्यानं लिलावात पडू नये, एवढं मान्य. बाकी माझं म्हणणं कायम.

उलवेकर
मी यातला अनुभवी पेशंट. २०११ला उलव्यात बुकिंग केलं, नवी मुंबईचा विमानतळ येतोय म्हणून. दोन वर्षांत विकून बाहेर पडायचं होतं. विमानतळाचं उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२५मध्ये. मधल्या काळात आधी ताबा मिळेना, मग पाणी येईना, मग नोटाबंदी, गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी भाड्याने दिला. हौस म्हणून नाही, हप्ता अंगावर म्हणून. भाव आता वाढलाय, खोटं कशाला बोलू. पण ज्या वयात पैसे हवे होते ते गेलं. ज्याचं घर वेळेत विकलं गेलं नाही तो फ्लिपर (घेऊन लगेच विकणारा) म्हणजेच घरमालक. दोन जाती वेगळ्या नाहीत.

अकरामहिने
धागा मालकलोकांचा आहे, मी भाडेकरू, तरी तोंड घालतो. ‘भाडं म्हणजे पेन्शन’ वाचून डोकं फिरलं. पुण्यात नऊ वर्षांत पाच घरं झाली. सोडताना प्रत्येक वेळी एका महिन्याचं भाडं ‘रंगाचे’ म्हणून डिपॉझिटमधून कापलं. रंग एकदाही लावला नाही. बावधनच्या घरात आता माझाच मित्र राहतो. माझ्या मुलीची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा दारामागे तशाच आहेत. त्या खुणांचे १९ हजार दिलेत मी.

घरमालकीण नाइलाजाने
पेन्सिल? भाग्यवान तुमचे मालक. माझ्याकडे ‘आम्ही तिघं’ म्हणून आले आणि सात जण राहिले. बेसिन तुंबलं म्हणून प्लंबर बोलावला तर आतून भात निघाला. हॉलच्या भिंतीला डोक्याच्या तेलाचे सहा गोल, ओळीने. तुमच्या १९ हजारांत ते गोलसुद्धा झाकले जात नाहीत. त्यात सोसायटी नॉन-ऑक्युपन्सीच्या (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावायच्या शुल्काच्या) नावाखाली मेंटेनन्सएवढीच रक्कम घेत होती. २००१च्या शासन निर्णयाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, हे मला चार वर्षांनी कळलं. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करते म्हटल्यावर सेक्रेटरी ‘ताई ताई’ करत घरी आले.

अकरामहिने
सात जणांचं वाईट झालं. पण त्यांचे गोल माझ्या डिपॉझिटमधून का? वापराने रंग मळणारच, भाडं कशाचं देतो आम्ही?

पेठेतला
अकरा महिन्यांनी जातात तरी तुमचे! आमच्या वाड्यात आजोबांनी १९५८ला दोन खोल्या २२ रुपयांनी दिल्या. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडं तिथेच गोठलं. छत गळलं की मनपाची नोटीस आम्हाला, आणि दुरुस्तीचे पैसे मागितले की भाडेकरू कोर्टात. माझ्या वडिलांची उमेद तारखांमध्ये गेली. १९९९चा नवा कायदा आला तरी जुने भाडेकरू तिथेच. ज्यांनी हे पाहिलंय ते मालक डिपॉझिट घट्ट धरणारच.

अकरामहिने
म्हणजे तुमच्या आजोबांच्या भाडेकरूंचा सूड आमच्या रंगात? लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर न निघणाऱ्याला दुप्पट भाडं लागतं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट दाद मागता येते. तुम्हाला कायदा आहे. मला १९ हजारांसाठी कोर्टात जाणं परवडत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून कापता.

पेठेतला
‘तुम्ही’ कोण? मी तुमचा मालक नाही. आवाज खाली.

एडिसनचा बाळू
इकडे न्यू जर्सीत दीड महिन्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते वेगळ्या व्याजाच्या खात्यात ठेवायचं आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशोब द्यायचा. आपल्याकडे ही शिस्त कधी येणार?

अकरामहिने
बाळूशेठ, तुमचा कोथरूडचा फ्लॅट भाड्याने आहे ना? डिपॉझिट किती घेतलंत?

एडिसनचा बाळू
तीन महिन्यांचं. पण ते सगळं बाबा बघतात.

कडीकोयंडा
😂 शिस्त विमानात राहिली.
रंगाचं मी सांगतो, धंद्यातला आहे. रिकामा टू बीएचके, साधं डिस्टेंपर, दोन हात, एका महिन्याच्या भाड्यात आरामात बसतं. तेव्हा कापले तर लावा. हे अकरामहिन्यांचं बरोबर आहे, बोलायची पद्धत सोडून.

पहिलापगार
रंग वाळला असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ का? काका, माझं गणित सोलून काढलंत, आता तुमच्या ‘पेन्शन’चंही मांडा. तोच ६० लाखांचा फ्लॅट, भाडं १८ हजार.

जुना चिंचवडकर
मांडतो, लपवायचं काय. वर्षातला एक महिना रिकामा जातो म्हणून अकरा महिन्यांचे १ लाख ९८ हजार. मेंटेनन्स मालकाचा, ४२ हजार. मनपाचा कर ११ हजार. राहिले १ लाख ४५ हजार. ड्युटीसकट ६५ लाख घातले त्यावर सव्वादोन टक्क्यांच्या आत.

पहिलापगार
आणि ४८ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ४१ हजार ६००च्या पुढे! म्हणजे दरमहा २३-२४ हजार खिशातून. मला ‘कोण देणार ८३’ विचारलंत, तुमचं हे कोण देणार?

जुना चिंचवडकर
कर्ज काढून भाड्यासाठी घर घ्या असं मी कुठे म्हटलं? माझा फ्लॅट २००४चा, कर्ज कधीच फिटलंय.

पहिलापगार
मग म्हटलंत काय? ‘२००४मध्ये जन्मा’?

जुना चिंचवडकर
हा टोला चांगला होता, मान्य. आज नव्यानं कर्ज काढून भाड्यानेही जमत नाही, हे तुम्ही माझ्याच तोंडून वदवलंत. पण भाड्यात दर महिन्याला थोडं दुखतं आणि तुमच्या पद्धतीत घर अडकलं तर एकदमच. हप्ता न चुकवता दोन वर्षं घर विकलं नाही तरी झोप लागेल का, एवढं स्वतःला विचारा. आणि इतकं पोटतिडकीनं भांडताय म्हणजे कुठेतरी पैसे देऊन बसलाय. किती?

पहिलापगार
५१ हजार. टोकन, शनिवारी. पुनावळे.

उलवेकर
अरेरे. करार?

पहिलापगार
नाही अजून. पावतीवर एजंटची सही, मालकाची नाही.

जुना चिंचवडकर
उद्या सकाळी एजंटला सोडून थेट मालकाला भेटा. पैसे त्याच्यापर्यंत पोचलेत का ते आधी बघा. निम्मे परत मिळाले तरी घ्या आणि इथे कळवा. आणि माझ्या पेन्शनला हसू नका.

घरमालकीण नाइलाजाने
अकरामहिने, ३० तारखेला वारज्याचं घर रिकामं होतंय. मुलगी आहे म्हणालात, शाळा जवळ आहे. दोन महिन्यांचंच डिपॉझिट घेईन. बघून जा.

अकरामहिने
येतो. आत्ताच्या भाडेकरूचे रंगाचे कापलेत का?

घरमालकीण नाइलाजाने
कापलेत.

अकरामहिने
आणि रंग?

घरमालकीण नाइलाजाने
दिवाळीनंतर बघू म्हटलं होतं.