मदत हवी आहे: मुंबई-लंडन नेमके किती तास?

निशिगंध_०७: अंतर ७२०० किमी. ताशी ९०० धरलं तर ८ तास. तिकिटावर दुपारी २ ला निघून संध्याकाळी ७:३० ला पोचतं, म्हणजे साडेपाच. परतीचं रात्री ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११, म्हणजे साडेचौदा! खरं काय? आईसाठी हवंय, लवकर सांगा.

गवतफुला: तारखा? थेट विमान आहे का?

निशिगंध_०७: थेटच. आई २४ ऑक्टोबरला इकडे लंडनला येणार, नोव्हेंबरअखेर परत मुंबईला.

खगोलप्रेमी: तिकिटावर त्या त्या गावची घड्याळं असतात. २४ ला फरक साडेचार तासांचा, म्हणजे जाताना १० तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, फरक साडेपाच होतो. म्हणून येताना ९.

मावळा_पुणेकर: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून येताना जास्त वेळ लागायला हवा. मुंबई आपल्यापासून पुढे पळत असते ना!

खगोलप्रेमी: अहो, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. येताना तो पाठीशी, जाताना समोर.

मावळा_पुणेकर: मग ८ तासांचं १० कशाने? वाऱ्याने एवढं?

खगोलप्रेमी: नुसत्या वाऱ्याने नाही. ७२०० हे सरळ अंतर, विमान वळसे घेतं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद आहे. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर घिरट्या, हेही त्या १० तासांत धरलेलं असतं.

सुगरण_नाशिक: फराळ देताना बघा हं, पेढे-बर्फी नको. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. चकली-चिवडा खुशाल न्या.

दुबईकर_दादा: मी तर दुबईत थांबा घ्या म्हणेन. मुंबई-दुबई ३ तास, पाय मोकळे होतात.

गवतफुला: वयस्कर बाई एकट्या, त्यात विमान बदलायचं? कशाला उगाच! निशिगंध, तास नेमके कशासाठी हवेत?

निशिगंध_०७: आई इन्सुलिन घेते. सकाळ-रात्र. पुण्याहून निघणार.

गवतफुला: हे आधी सांगायचं ना! मग १० तास धरूच नका. पुण्याहून सकाळी ६-७ ला निघणार, ३ तास आधी विमानतळ, आणि उतरतील तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र. घरापासून सतरा-अठरा तास. पश्चिमेला जाताना दिवस साडेचार तासांनी लांबतो, तेव्हा रात्रीचा डोस कुठल्या घड्याळाने, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनाने बदलू नका. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. एक्सप्रेसवेवर अडकल्या तर खायला काहीतरी हाताशी असू दे.

निशिगंध_०७: डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. परतीचंही विचारते, तेव्हा दिवस साडेपाच तासांनी आखडणार ना?

गवतफुला: हो. ते आवर्जून विचारा.

सुगरण_नाशिक: आणि अनारसे तुपातले असतील तर?