मदत हवी आहे: शिकाऊंचा मोर्स वाचताना डीकोडर 'सी'चे 'एन एन' करतो

नमस्कार. मी इंदूरला राहतो आणि सुटीच्या दिवशी घरी हौशी रेडिओचा परवाना घेऊ पाहणाऱ्या चार मुलामुलींना मोर्स, म्हणजे छोट्या-लांब आवाजांची संकेतलिपी, शिकवतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीच्या परीक्षेला मोर्स लागत नाही. जनरल श्रेणीला मात्र मिनिटाला 8 शब्द घेता आणि पाठवता यावे लागतात, आणि घोडे पेंड खाते ते पाठवण्यापाशी, कारण ऐकून चूक सांगणारा मी एकटाच आहे. त्यांना आपापल्या घरी सराव करता यावा म्हणून जेल रोडवरून सामान आणून आर्डुइनो उनो या छोट्या संगणक-पाटीवर मोर्स ऐकून अक्षरे छापणारा एक डीकोडर बांधला आहे.

सराव-ऑसिलेटरचा 700 हर्ट्झचा स्वर कपॅसिटरमधून ॲनालॉग पिनला दिला आहे. सेकंदाला सुमारे 9615 नमुने मिळतात. त्यांतील 96-96 नमुन्यांवर गोर्टझेल पद्धत (एकच ठरावीक स्वर शोधणारे गणित) लावून दर 10 मिलिसेकंदांनी स्वर आहे की नाही, हे ठरवतो. संगणकाने तयार केलेला मोर्स हे यंत्र न चुकता वाचते. मुलांच्या हातचा मोर्स आला, की 'सी क्यू'चे (कोणी ऐकत असल्यास उत्तर द्या, अशी हाक) 'एन एन एम ए' होते. मोर्स वाजवायची कळ, म्हणजे 'की', थेट डिजिटल पिनला जोडून पाहिली तरी चुका त्याच येतात. म्हणजे दोष स्वर ओळखण्यात नसून वेळ मोजण्यात आहे.

मिनिटाला 8 शब्दांच्या वेगाला डिट (छोटी खूण) 150 मिलिसेकंदांचा आणि डा (लांब खूण) 450चा. अक्षराच्या आतली फट 150, दोन अक्षरांतली 450 आणि दोन शब्दांतली 1050. अक्षर संपल्याची सीमा मी 300वर ठेवली आहे. 'सी' म्हणजे 'डा-डिट-डा-डिट' आणि 'एन' म्हणजे नुसता 'डा-डिट'. नवशिका 'सी'चा पहिला 'डा-डिट' वाजवून पुढचे आठवायला क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात यंत्र अक्षर मिटवून टाकते. सीमा वाढवली, तर 'ई' (एक डिट) आणि 'टी' (एक डा) एकमेकांना चिकटून 'ए' (डिट-डा) होतो.

दुसरी अडचण सरासरीची आहे. डिटची लांबी मी मागच्या आठ खुणांच्या सरासरीवरून काढतो. पण 'ई, आय, एस, एच' असा निव्वळ डिटांचा धडा झाला, की सरासरी खाली घसरते आणि पुढचे जरासे लांबलेले डिट डा म्हणून छापले जातात.

फटींची सीमाही सरासरीने हलती ठेवावी का? मला धास्ती वाटते, की आईला बाळाचे बोबडे बोल समजावेत तसे यंत्राला सगळे समजू लागले, तर मुलांचा हात सुधारायचाच नाही.

प्रतिसाद

डिट आणि डा यांची सरासरी वेगवेगळी ठेवा आणि सीमा दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमूळावर धरा; 150 आणि 450साठी ती सुमारे 260 येते. निव्वळ डिटांच्या धड्यात डाची सरासरी जागची हलत नाही, त्यामुळे सीमा ढळत नाही. सुरुवातीला दोन-तीन वेळा 'व्ही' वाजवायला लावा. त्यात तीन डिट आणि एक डा असल्याने यंत्राला दोन्ही मापे लगेच मिळतात. 20 मिलिसेकंदांहून लहान खूण कीच्या थरथरीची समजून सोडून द्यावी. फटींची सरासरी मात्र खुणांच्या सरासरीत मिसळू नका, कारण फार्न्सवर्थ पद्धतीने शिकवताना अक्षरे वेगात आणि फटी मुद्दाम लांब असतात.

धागाकर्ता

आभारी आहे. दोन सरासऱ्या ठेवल्यावर डिटांचे डा होणे थांबले. फटीची सीमा शेवटी 300वरच ठेवली. फक्त पडद्याच्या दुसऱ्या ओळीत शेवटची फट मिलिसेकंदांत दिसेल, एवढी सोय केली. रविवारी एका मुलीच्या 'सी'चे 'एन एन' झाले, खाली 410 दिसले, आणि मी काही बोलायच्या आत तिने तो पुन्हा वाजवला.