प्रति: पहिला डेटम कुठला धरावा?

डेटम म्हणजे ज्या पृष्ठभागापासून किंवा अक्षापासून बाकीची मापं धरायची तो संदर्भ. "सगळ्यात मोठा फेस (सपाट बाजू) पहिला डेटम" असा सल्ला इथे कुणी दिलाय, तो मला अर्धाच पटतो. आधी बघा, असेंब्लीत पार्ट नक्की कशावर बसतो. तोच फेस मोठा निघाला तर उत्तमच.

आमच्याकडे भोसरीत एका हाउसिंगच्या ड्रॉइंगवर पहिला डेटम होता बोअर (मशीन केलेलं दंडगोल भोक), खोली जेमतेम १२ मिमी. सीएमएमवर (प्रोबने बिंदू घेऊन मापं काढणाऱ्या मशीनवर) त्याचा अक्ष काढायचा आणि १२० मिमी अंतरावरच्या दुसऱ्या भोकाची पोझिशन तपासायची. आता गणित करा: बोअरच्या खोलीत अक्ष ५ मायक्रॉन कलला की तिकडे ५० मायक्रॉन! तोच पार्ट सकाळी पास, दुपारी रिजेक्ट, आणि शिव्या प्रोग्रामरला. शेवटी कस्टमरला समजावून फ्लँजचा (बाहेर आलेल्या रुंद कडेचा) फेस पहिला डेटम केला, बोअर दुसरा. कल फेसने ठरवला, बोअरकडे फक्त केंद्र उरलं. मग रीडिंग जागेवर आलं.

फेस निवडलात तरी त्याची फ्लॅटनेस (सपाटपणा) आधी तपासा. मधे फुगीर असेल तर सरफेस प्लेटवर (मोजणीच्या सपाट पाटावर) पार्ट डोलतो, प्रत्येक वेळी वेगळा बसतो. (आणि कडेची बर, म्हणजे मशीनिंगनंतर राहिलेली धारदार कोर, काढा हो, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.)

कच्च्या कास्टिंगवर मात्र अख्खा फेस धरूच नका. डेटम टार्गेट (फेसवरचे ठरावीक बिंदू) द्या, ३-२-१ पद्धतीने, म्हणजे पहिल्या बाजूवर तीन, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर एक, आणि पहिल्या ऑपरेशनच्या फिक्स्चरचे (पार्ट धरायच्या साच्याचे) रेस्टिंग पॅडही (टेकू) त्याच जागी ठेवा. नाहीतर मशीन शॉप एक पार्ट बनवतं आणि क्वालिटीवाले दुसराच मोजतात.