सूर्यास्ताची बोटफेरी : मांडवीतून की समुद्रातून?

प्रश्न (पुणे)
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबा आणि सात वर्षांच्या मुलीसह गोव्याला जाणार आहोत. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मोठा आवाज सोसत नाही आणि मुलीला डॉल्फिन पाहायचेच आहेत. सूर्यास्तासाठी पणजीहून सुटून मांडवी नदीत फिरणारी मोठी बोट घ्यावी की सिकेरीच्या किनाऱ्यावरून समुद्रात जाणारी छोटी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पणजी)
आईंसाठी मोठीच घ्या, कारण नदीचे पाणी संथ असते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असल्याने मांडवीच्या मोकळ्या मुखाच्या बाजूला मावळतो. मे महिन्यात तोच नदीच्या उत्तरेकडील बार्देश तालुक्याच्या टेकड्यांआड जातो, त्यामुळे आपण योग्य महिना निवडला आहे. मात्र त्या दिवसांत सहा वाजून काही मिनिटांनीच सूर्यास्त होतो, म्हणून तिकिटावरील ‘सूर्यास्त’ या शब्दावर न जाता बोट प्रत्यक्षात किती वाजता सुटते, ते आधी विचारा. बोटीवर ‘देखणी’ हे गोव्याचे लोकनृत्य आणि फुगडी होते, पण मधल्या वेळात ध्वनिक्षेपकावर गाणी लावून प्रवाशांनाच नाचायला बोलावतात. बाबांची त्यातून सुटका होईल, असे मला वाटत नाही.

उत्तर (मुंबई)
छोट्या बोटीत ती कटकट नाही, परंतु किनाऱ्यावरून चढताना अनेकदा गुडघाभर पाण्यात उभे राहून काठावरून पाय टाकावा लागतो, तेव्हा आईंना त्या वाटेला नेऊ नये. डॉल्फिनसाठी वारा पडलेला असतो ती सकाळची वेळ बरी. मुलीला घेऊन आपण एकट्याने जावे, तिच्या मापाचे जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज बोटीत पाय ठेवू नये.

प्रश्नकर्ता
म्हणजे बाबांसाठी काहीच उरत नाही का?

उत्तर (पणजी)
उरते की! पणजीहून नदीपलीकडच्या बेती गावाला जाणाऱ्या फेरीबोटीला पायी प्रवाशांना तिकीट नाही, आणि तिचा पुढचा फळा थेट धक्क्याच्या उतारावर टेकतो, त्यामुळे आईंनाही जिना चढावा लागणार नाही. फेरी काही मिनिटांचीच आहे; पाऊण तास हाताशी ठेवून दोन-तीनदा ये-जा करा. गाणी नाहीत, फक्त इंजिनाची घरघर. कार्यालये सुटण्याच्या वेळी दुचाकींची गर्दी होते, तेव्हा आईंना कडेच्या बाजूला आधी उभे करून घ्या.