प्रति: खासदारांनी मागितलेला निधी

अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आपापल्या भागासाठी मागून घेतात तो निधी म्हणजे निव्वळ खिरापत, हे मत काही जण मांडतात, ते मला पटत नाही. २०११च्या बंदीनंतर २०२१ मध्ये ही प्रथा परतली ती अटींसह: मागणी जाहीर करायची, कुटुंबाचा आर्थिक हितसंबंध नाही हे लिहून द्यायचं, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला पैसा नाही.

हा निधी रोजगार प्रशिक्षणासाठी दिला जातो तेव्हा मात्र एवढ्या अटींनी भागत नाही. रस्ता झाला की डोळ्यांना दिसतो; वेल्डिंग शिकलेल्या मुलाला काम मिळालं का, ते टिकलं का, हे मुद्दाम विचारावं लागतं. त्यात या निधीसाठी संस्थांमध्ये स्पर्धा नाही, पैसा कोणत्या संस्थेला द्यायचा ते आधीच ठरलेलं. म्हणून अमेरिकेच्या कामगार खात्याने नोकरी आणि पगाराची नोंद अनुदानाच्या करारातच सक्तीची करावी, आणि ती लोकांना वाचता यावी.