'मॅन्स'ला मराठीत काय म्हणावं?

आयोना या स्कॉटिश बेटावरच्या गावच्या चर्चबद्दलचा मजकूर मराठीत आणतेय. १८२८चं चर्च, टेलफर्ड या अभियंत्याच्या आराखड्याचं, शेजारी 'मॅन्स', म्हणजे तिथल्या 'मिनिस्टर'चं, धर्मगुरूचं, राहतं घर. यंत्राने 'मंत्र्याचं निवासस्थान' केलंय! 'पाद्र्याचं घर' चालेल?

बोरूबहाद्दर: मंत्री भारीच! पण 'पाद्री'ही नको. तिथलं चर्च प्रेस्बिटेरियन. बिशप नाही, कारभार वडीलमंडळाचा. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत 'पाळक' म्हणतात, तोच घ्या. 'पाळकांचं घर'.

जुनादप्तरी: पाळक ठीक, 'घर' मात्र अपुरं पडतं. मॅन्स पाळकाच्या मालकीचं नसतं, पदाबरोबर मिळतं आणि पदाबरोबर जातं. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, साडेचारशेच्या वर पाळक बाहेर पडून नव्या फ्री चर्चमध्ये गेले. त्यांचं चर्च तर गेलंच, पण बायकामुलांसकट राहतं घरही सोडावं लागलं. (आपल्या मुंबईचे मिशनरी जॉन विल्सनही फ्री चर्चच्याच बाजूला गेले.)

आयोनाचं मॅन्स तर सरकारी पैशातलं. संसदेने ५०,००० पौंड मंजूर केले. त्यातून हायलँड्स आणि बेटांवर ३२ चर्च आणि ४३ मॅन्स उभी राहिली. चर्च आणि मॅन्स मिळून एका जागी १,५०० पौंडांच्या वर खर्च करायचा नाही, अशी अट. म्हणून सगळीकडे तोच साचा: बिडाच्या तिरप्या जाळीच्या खिडक्या, छपराच्या टोकाला छोटीशी घंटाचौकट. मॅन्स एकमजली की दुमजली, एवढीच काय ती निवड. मी तर सरळ 'पाळकांचं क्वार्टर' म्हणेन.

प्रश्नकर्ती: 'क्वार्टर' वाचून रेल्वे कॉलनी डोळ्यांसमोर येते हो. आणि 'ग्लीब'? पाळकाला कसायला मिळणारी जमीन. 'वतन' लिहिलंय.

जुनादप्तरी: वतन नको, ते बापाकडून मुलाकडे जातं. ग्लीब पुढच्या पाळकाकडे जाते. 'पाळकाची इनाम जमीन' चालवून घ्या, तळटीप देऊन.

बोरूबहाद्दर: तिकडे 'सन ऑफ द मॅन्स' असंही म्हणतात, पाळकाच्या घरात वाढलेला. ब्रिटनचे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन तसेच. तिथे 'क्वार्टरचा मुलगा' म्हणणार का? 'मॅन्स'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'पाळकनिवास' असा खुलासा करा.

प्रश्नकर्ती: पटलं. 'तो मॅन्स' की 'ते मॅन्स'?

बोरूबहाद्दर: घर म्हणून 'ते'. बंगलेवाले भांडतील, भांडू देत.