पाषाणचा आकडा आणि रिक्षातलं मूल

मीनल_कोथरूड
कालच्या धाग्यावर एकांनी लिहिलं, "ॲपवर पुण्याची हवा समाधानकारक दिसतेय, आयांनी उगाच घाबरू नये." राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढते. 'सफर'चं, म्हणजे हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, यंत्र पाषाणला असो की शिवाजीनगरला, ते त्या परिसराची हवा मोजतं. माझी लेक कर्वे रस्त्यावर टेम्पोच्या मागे अडकलेल्या रिक्षात बसलेली असते, तिच्या नाकाशी काय येतं ते त्यात कुठून दिसणार? दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांना आठ वर्षं तपासलं. फ्रीवेपासून, म्हणजे सिग्नल नसलेल्या मोठ्या हमरस्त्यापासून, ५०० मीटरांच्या आत राहणाऱ्यांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटरपलीकडच्यांपेक्षा कमी भरली, आणि तीसुद्धा गावाची एकूण हवा बरी असली तरी.

प्रभाकर_सदाशिव
म्हणजे घराचा पत्ता घ्यायचा, नकाशावर पट्टी लावायची, झाला हिशोब! मूल निम्मा दिवस शाळेत असतं. घरी गॅसवर फोडणी, देवापुढे उदबत्ती. त्यातलं गाड्यांचं किती, हे कसं वेगळं काढणार? आमच्या लहानपणी पेट्रोलमध्ये शिसं होतं, रिक्षांत रॉकेल घालायचे. वाढलोच की.

मीनल_कोथरूड
काका, पट्टी कोणी लावत नाही हो. शहरभर नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे गाड्यांच्या धुरातला वायू, मोजणाऱ्या नळ्या टांगतात, त्यात रहदारी, रस्त्याचं अंतर, वस्तीची दाटी घालून नकाशा बनवतात. मग घर, शाळा, वाट त्यावर ठेवतात. बार्सिलोनात तर ३९ शाळांत, वर्गात आणि अंगणात यंत्रं ठेवून मोजलं.

ओपीडीतली
"वाढलोच की" म्हणणाऱ्यांत जे वाढले नाहीत ते नसतात. मी लहान मुलं तपासते. नेब्युलायझर, म्हणजे दम्याचं औषध वाफेसारखं देणारं यंत्र, घरी विकत घेतलेले पालक रोज बघते. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा घेतं, हे तरी मान्य करा. लंडनची नऊ वर्षांची एला २०१३ मध्ये दम्याने गेली, २०२० मध्ये तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदलं गेलं.

प्रभाकर_सदाशिव
वाईटच झालं. पण तिच्या प्रकरणात आकडे घरापासून मैलभर लांबच्या केंद्राचे होते. मग पाषाणनं काय घोडं मारलंय?

मीनल_कोथरूड
तेच तर! मैलभर लांबही प्रदूषणाची कायदेशीर मर्यादा ओलांडलेली होती, मग रस्त्याला लागून असलेल्या घरात काय असेल? लांबचं केंद्र धोका कमी दाखवतं.

व्हॅनवाला_बाप
नळ्या ठेवा बाजूला. शाळा सुटायच्या वेळी गेटवर जाऊन उभे राहा. एसी चालू ठेवून पंचवीस गाड्या उभ्या, आणि पोरं त्यांच्या सायलेन्सरच्या उंचीवरून चालत येतात. शिव्या मात्र आम्हा व्हॅनवाल्यांना.

सई_बाणेर
व्हॅनमध्ये कोंबलेली मुलं बघितली आहेत मी. म्हणून गाडीने सोडते. चालत पाठवू? फुटपाथ दाखवा आधी, सगळा दुचाक्यांनी भरलेला.

व्हॅनवाला_बाप
कोंबलेली? माझ्या व्हॅनमध्ये जेवढी सीट तेवढीच मुलं असतात. तुमच्या गाडीत एक मूल आणि चार रिकाम्या सीट. धूर कोणी केला जास्त?

सई_बाणेर
माझ्या मुलाच्या काळजीचा हिशोब तुम्ही करू नका. शाळेनेच बस बंद केली, आम्ही काय करायचं? तीनदा अर्ज दिला, उत्तर नाही.

ओपीडीतली
सईताई, राग कळतो. पण इंजिन तरी बंद करा. शेजारच्या गाडीतल्या पोरालाही दमा असू शकतो.

सई_बाणेर
करते. पुढच्याने पण करायला हवं. उन्हात पाच मिनिटं गाडीत बसून बघा.

प्रभाकर_सदाशिव
धागा गेटवरच अडकला. बरं, लांबच्या यंत्रावरून एकेका मुलाचं काही सांगता येत नाही, एवढं घ्या माझ्याकडून. पण तुमचा नकाशाही एकेका मुलाचं सांगत नाही, हे तुम्ही घ्या.

मीनल_कोथरूड
घेतलं. एकेकीचं सांगायला दप्तराला छोटं यंत्र लावावं लागतं. पण शाळा कुठे बांधू नये, हे ठरवायला नकाशा पुरतो. कॅलिफोर्नियात फ्रीवेपासून ५०० फुटांच्या आत नवी शाळा काढायला २००३ च्या कायद्याने आडकाठी आहे. आपल्याकडे हमरस्त्याला लागूनच शाळांच्या पाट्या दिसतात.

व्हॅनवाला_बाप
आणि तिथेच आम्हाला थांबायला जागा नाही. त्याचं बोला.